लेफ्टनंट फ्लिपर : अपहारातून सुटका, लष्करातून बडतर्फी

८ डिसेंबर १८८१ रोजी टेक्सासमधल्या फोर्ट डेव्हिस या लष्करी ठाण्यावर एका कोर्ट मार्शलचा निकाल लागला. आरोपी होता सेकंड लेफ्टनंट हेन्री ओसियन फ्लिपर, वय २५, १०वी कॅव्हलरी म्हणजे घोडदळाची पलटण. त्याच्यावर दोन आरोप होते. पहिला, ३,७९१ डॉलर ७७ सेंट एवढ्या सरकारी रकमेच्या अपहाराचा. त्यातून तो निर्दोष सुटला. दुसरा, अधिकाऱ्याला आणि सद्गृहस्थाला न शोभणाऱ्या वर्तनाचा. त्यात तो दोषी ठरला आणि त्याला लष्करातून बडतर्फ करण्याची शिक्षा झाली. कमी पडलेली सगळी रक्कम तोवर केव्हाच भरून झाली होती. सरकारचा एक सेंटही बुडाला नव्हता.

फ्लिपर हा वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीची पदवी मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन आणि त्या वेळी अख्ख्या अमेरिकी लष्करातला एकमेव कृष्णवर्णीय अधिकारी. त्यामुळे आता हे प्रकरण बहुधा एका वाक्यात सांगितलं जातं: गोऱ्या अधिकाऱ्यांनी कट करून त्याला घालवलं. वर्णद्वेष त्यात होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तेवढ्यावर थांबलं तर एक अडचणीची गोष्ट झाकली जाते. फ्लिपर वरिष्ठांशी खोटं बोलला होता, तेही लेखी, स्वतःच्या सहीनिशी. ते मान्य करून मग शिक्षेकडे पाहिलं, तर अन्याय नेमका कुठे झाला ते जास्त स्पष्ट दिसतं. म्हणून मी ते मान्य करूनच पुढे जातो.

ठाण्यावर येईपर्यंत

फ्लिपरचा जन्म २१ मार्च १८५६ रोजी जॉर्जियातल्या थॉमसव्हिल गावी गुलामगिरीत झाला. वडील फेस्टस चपला-बूट शिवणारे, हाताला कसब असलेले. आई इझाबेला. दोघांचे मालक वेगवेगळे. वडिलांचा मालक पाँडर अटलांटाला बिऱ्हाड हलवायला निघाला, तेव्हा कुटुंबाची ताटातूट होणार हे उघड झालं. बायको आणि मुलगा पाँडरने विकत घ्यावेत, म्हणून फेस्टसने कसबाच्या कमाईतून साठवलेले पैसे पाँडरलाच उसने दिले. आपल्याच बायकापोरांच्या खरेदीसाठी आपल्याच मालकाला कर्ज! व्यवहार कागदावर मालकाचा, पैसा गुलामाचा. फ्लिपरने पुढे आपल्या आत्मचरित्रात हे लिहून ठेवलं आहे.

यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी गेली. अटलांटा विद्यापीठात शिकत असताना फ्लिपरने आपल्या भागातल्या काँग्रेस (अमेरिकी संसद) सदस्याला पत्र लिहून वेस्ट पॉइंटसाठी शिफारस मागितली आणि १८७३ साली त्याला प्रवेश मिळाला. त्याच वर्षी इकडे जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना ती अर्पण केली. त्या मुक्तीनंतर माणसाला समाजात कितपत जागा मिळते, हे वेस्ट पॉइंटच्या बराकीत चार वर्षं रोज दिसत होतं. तिथे फ्लिपरला अक्षरशः वाळीत टाकण्यात आलं. कामापुरतं सोडलं तर गोरे कॅडेट त्याच्याशी बोलत नसत. त्याच्या आधी आलेला जेम्स वेब्स्टर स्मिथ हा पहिला कृष्णवर्णीय कॅडेट १८७४ मध्ये बाहेर काढला गेला. फ्लिपर टिकला. १८७७ मध्ये ७६ जणांत पन्नासावा येऊन तो पदवीधर झाला.

१०व्या कॅव्हलरीत शिपाई कृष्णवर्णीय आणि त्यांचे अधिकारी गोरे, अशी रचना होती. फ्लिपर तिथे रुजू झाला. आजच्या ओक्लाहोमातल्या फोर्ट सिल ठाण्याभोवती साचलेल्या डबक्यांमुळे मलेरियाने माणसं मरत होती. फ्लिपरने उतार मोजून एक लांब चर खणवून घेतला आणि पाणी वाहतं केलं. तो चर ‘फ्लिपर्स डिच’ म्हणून आजही ओळखला जातो आणि १९७७ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. १८८० मध्ये अपाची नेता व्हिक्टोरियोविरुद्धच्या मोहिमेत त्याने निरोप पोचवण्यासाठी २२ तासांत ९८ मैल घोडदौड केली, बहुतेक रात्रीच्या अंधारात. पलटणीचा कर्नल बेंजामिन ग्रिअरसन त्याच्या कामावर खूष होता. खटल्याच्या वेळी ग्रिअरसनने त्याच्या बाजूने पत्रही पाठवलं.

असा माणूस १८८० च्या अखेरीस फोर्ट डेव्हिसला आला, आणि त्याच्याकडे ठाण्याचं सामान आणि रसद अशी दोन्ही खाती सोपवण्यात आली.

रोकड, ट्रंक आणि उधारी

रसद खातं कसं चालायचं ते नीट समजून घेतल्याशिवाय या प्रकरणाचा उलगडा होत नाही. सैनिकांना शिधा मिळे. त्यापलीकडे अधिकारी, त्यांची कुटुंबं, कपडे धुणाऱ्या बायका यांना रसद अधिकारी सरकारी भांडारातून माल विकत असे. त्यातून जमणारी रोकड आणि चेक त्याने सांभाळायचे, दर आठवड्याला शिल्लक रकमेचं पत्रक करून ठाण्याच्या प्रमुखाला दाखवायचं आणि ठरावीक मुदतीने सगळी रक्कम सॅन अँटोनिओला, मुख्य रसद अधिकारी मेजर मायकेल स्मॉल यांच्याकडे टपालाने रवाना करायची. पत्रकातले आकडे प्रत्यक्ष रकमेशी ताडून पाहणं हे ठाण्याच्या प्रमुखाचं काम.

मार्च १८८१ मध्ये कर्नल विल्यम शाफ्टर प्रमुख म्हणून आला. त्याने फ्लिपरकडून सामान खातं काढून घेतलं आणि रसद खात्यावरही दुसरा माणूस मिळताच बदल होईल असं सांगितलं. तो दुसरा माणूस यायला महिने लागले. मधल्या काळात सरकारी पैसा फ्लिपरच्या राहत्या खोलीतल्या ट्रंकेत राहिला. पैसे खोलीवरच ठेवायला शाफ्टरनेच सांगितलं, असं फ्लिपरचं म्हणणं होतं. त्याच ट्रंकेत त्याच्या घरकामाला असलेल्या लूसी स्मिथ हिचेही कपडे असत आणि तिचा हात तिथे सहज पोचत असे. त्यात मे महिन्यात मेजर स्मॉलकडून कळवण्यात आलं की ते सॅन अँटोनिओत नसतील, तोवर रक्कम पाठवू नये. त्यामुळे एरवी दरमहा निघून जाणारी रक्कम ट्रंकेत साठत गेली.

फ्लिपरची एक सवय त्याच्या अंगाशी आली. तो उधारी देई. शिपाई, धोबिणी, कधी अधिकारीसुद्धा माल नेत आणि पैसे पगार झाल्यावर देत. महिनाअखेर कमी पडलं तर तो पदरचे घालून ताळा जमवी. छोट्या वस्तीत हे माणुसकीचं वाटतं. हिशेबाच्या वहीत मात्र सरकारी पैसा कुठला आणि फ्लिपरचा कुठला, याची रेघ पुसली जाते. आणि ज्या आठवड्याच्या तपासणीत हे उघडं पडायला हवं होतं, ती तपासणी मे-जूनमध्ये कित्येक आठवडे झालीच नाही. शाफ्टरने रक्कम मोजून पाहिली नाही.

जुलैच्या सुरुवातीला रक्कम पाठवण्याचा हुकूम झाला तेव्हा फ्लिपरने मोजणी केली. हजाराहून अधिक डॉलर कमी भरले.

इथे त्याच्यापुढे सरळ रस्ता होता. शाफ्टरकडे जायचं आणि तूट आली आहे म्हणून सांगायचं. तो गेला नाही. शाफ्टर कडक आणि कठोर माणूस आहे हे ठाऊक असल्याने त्याच्याकडे जाण्याचं धाडस झालं नाही, असं त्याने नंतर लेखी निवेदनात म्हटलं. त्याऐवजी त्याने १,४४० डॉलर ४३ सेंटचा स्वतःचा चेक सॅन अँटोनिओ नॅशनल बँकेवर लिहिला, तो शिल्लक रकमेत धरला आणि पत्रक शाफ्टरला दाखवलं. त्या बँकेत त्याचं खातं नव्हतं. १८७८ मध्ये निघालेल्या आत्मचरित्राच्या मानधनाची रक्कम प्रकाशकाकडून येईल, ती तिथे जमा होईल आणि भोक बुजेल, अशी त्याची आशा होती. पैसे आले नाहीत. शाफ्टरने विचारलं तेव्हा रक्कम रवाना केली असं तो म्हणाला. ती रवाना झालेली नव्हती. पुढचे कित्येक आठवडे तो या एका खोट्यावर पत्रकं रचत राहिला.

या जागी मी फ्लिपरची बाजू घेऊ शकत नाही. घेऊ शकतो ती फक्त त्याच्या एकटेपणाची दखल. तूट आल्यावर एखादा गोरा लेफ्टनंट संध्याकाळी मेसमध्ये एखाद्या कॅप्टनला बाजूला घेऊन विचारू शकला असता, उसने मागू शकला असता, कर्नलकडे जाताना कुणाला सोबत नेऊ शकला असता. फ्लिपरला ठाण्यावर असं कुणी नव्हतं. आधी फोर्ट एलियटला असताना त्याच्या कॅप्टनची मेहुणी त्याच्याबरोबर घोड्यावर फिरायला जात असे आणि त्यावरून कुजबुज झाली होती. तेच खटल्याचं मूळ, असं काही जण मानतात. मला तो धागा फार ओढण्यात अर्थ वाटत नाही. हिशेबात भोक पडलं तेव्हा ज्याच्याकडे जाता येईल असा एकही बरोबरीचा माणूस नसणं, हे कारण त्याहून कितीतरी मोठं आहे.

अटक

१० ऑगस्टच्या सुमारास मेजर स्मॉलने रक्कम पोचली नसल्याचं तारेने कळवलं. पाकीट वाटेत चोरीला गेलं असावं, असं आधी शाफ्टरला वाटलं. मग फ्लिपर गावात घोड्यावर दिसला, खोगिराला पिशव्या लावलेल्या. तो सीमा ओलांडून मेक्सिकोत पळणार, असा संशय आला. १३ ऑगस्टला त्याच्या खोलीची झडती झाली. लूसी स्मिथच्या अंगावरच्या कपड्यांत अडीच हजार डॉलरहून जास्त रकमेचे चेक सापडले. फ्लिपरला अटक करून पहारा कोठडीत टाकलं. खोली साडेसहा फूट लांब, साडेचार फूट रुंद. फ्लिपर सहा फुटांवर उंच होता.

अधिकाऱ्यावर आरोप आला तर त्याला स्वतःच्या खोलीत नजरकैदेत ठेवायचं, हा तेव्हाचा रिवाज. पहारा कोठडी शिपायांसाठी. ही बातमी वर गेली तेव्हा टेक्सास विभागाचे प्रमुख जनरल ऑगर यांनी त्याला तिथून हलवायला लावलं. दरम्यान गावातल्या व्यापाऱ्यांनी आणि ओळखीच्या लोकांनी वर्गणी आणि उसनवारी करून तुटीची रक्कम काही दिवसांत उभी केली आणि भरून टाकली. वाळवंटातल्या छोट्या वस्तीतल्या दुकानदारांनी, ज्यांचा या तरुणाशी रोजचा देण्याघेण्याचा संबंध होता, त्याच्यासाठी हजारो डॉलर गोळा केले. चारित्र्याबद्दलचा याहून चांगला पुरावा मला तरी या प्रकरणात दुसरा दिसत नाही.

शाफ्टरला खलनायक ठरवणं सोपं आहे. पण यादवी युद्धात आणि नंतरही त्याने कृष्णवर्णीय पलटणींचं नेतृत्व केलेलं होतं, आणि त्याच्याजवळ संशयाला कारण होतं. त्याची चूक दुसरीकडे आहे. स्वतःची तपासणी वेळेवर न केल्याने जे वाढलं, त्याचा सगळा भार त्याने कनिष्ठावर टाकला.

खटला आणि ६१ वं कलम

कोर्ट मार्शल सप्टेंबरमध्ये बसलं, पण वकिलासाठी पैसे उभे करायला वेळ हवा म्हणून तहकूब झालं आणि १ नोव्हेंबरला पुन्हा सुरू झालं. अध्यक्ष कर्नल गॅलुशा पेनीपॅकर, सरकारी बाजूला कॅप्टन जॉन क्लाउस. वकिलाचे पैसे जमलेच नाहीत. १६व्या इन्फंट्रीचा कॅप्टन मेरिट बार्बर आपणहून बचावासाठी उभा राहिला, आणि त्याने काम मन लावून केलं. शाफ्टरच्या उलटतपासणीत त्याने तपासणीतली हयगय बाहेर काढली. समारोपात त्याने न्यायाधीशांपुढे ठेवलेला मुद्दा असा होता, की कृष्णवर्णीय माणसाला लष्करात अधिकाऱ्याचं पद मिळवता आणि टिकवता येतं की नाही, याचाच निवाडा तुम्ही करणार आहात.

अपहाराचा हेतू सिद्ध झाला नाही. पैसे नेमके कुणी काढले, हेही ठरलं नाही. खोट्या विधानांचं आणि चेकचं मात्र नाकारण्यासारखं काही नव्हतं.

आता मी ज्या मुद्द्यासाठी हे सगळं लिहितो आहे त्याकडे येतो. त्या वेळच्या लष्करी संहितेतलं ६१ वं कलम सांगत होतं की अशोभनीय वर्तनात दोषी ठरलेला अधिकारी बडतर्फ केला जाईल. ‘केला जाऊ शकतो’ नव्हे. दोषी ठरवल्यानंतर कोर्टाच्या हातात काही उरत नव्हतं. पण लगेच पुढचं ६२ वं कलम होतं, शिस्तीला बाध आणणाऱ्या वर्तनाचं, आणि त्यात शिक्षा कोर्टाच्या मर्जीवर होती: ठपका, काही काळ निलंबन, पगार कपात, काहीही. ६१ व्या कलमाखालच्या आरोपात ६२ व्याखाली दोषी ठरवण्याची वाट तेव्हाच्या कोर्ट मार्शलला मोकळी होती आणि ती वापरलीही जात असे. फोर्ट डेव्हिसच्या कोर्टाने ती वापरली नाही. अपहारातून सोडून कोर्टाने उदारपणा दाखवला असं वाटतं खरं, पण दुसऱ्या आरोपाचं कलम आहे तसं ठेवलं तिथेच नोकरी गेली.

यापुढची पायरी वॉशिंग्टनमध्ये होती, आणि मला ती खटल्यापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. लष्कराचे सर्वोच्च कायदा अधिकारी, जज ॲडव्होकेट जनरल डेव्हिड स्वेम यांनी कागद पाहून स्पष्ट मत दिलं: फ्लिपरचा सरकारला फसवण्याचा इरादा नव्हता, त्याचं वागणं निष्काळजीपणातून आणि व्यवहाराच्या अज्ञानातून आलं, आणि अशा कारणांवरून एखाद्या अधिकाऱ्याला इतक्या कठोरपणे आणि अपमानास्पद रीतीने वागवल्याचं दुसरं उदाहरण नोंदीत नाही. शिक्षा कमी करावी, अशी त्यांची शिफारस होती. ६१ वं कलम कोर्टाला बांधून ठेवत होतं, राष्ट्राध्यक्षांना नाही. त्यांच्या एका सहीने बडतर्फीच्या जागी निलंबन आलं असतं. राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी जून १८८२ मध्ये शिक्षा जशीच्या तशी कायम केली. ३० जून १८८२ ला फ्लिपरची नोकरी संपली.

याच आर्थर यांच्यापुढे तीनच महिने आधी जॉन्सन व्हिटेकरचं प्रकरण आलं होतं. व्हिटेकर हा वेस्ट पॉइंटमध्ये फ्लिपरचा खोलीभाऊ. एप्रिल १८८० मध्ये तो स्वतःच्या खोलीत पलंगाला बांधलेला, मारहाण झालेला, कान कापलेला सापडला. हे त्याने स्वतःच केलं असं ठरवून त्याच्यावर कोर्ट मार्शल झालं. मार्च १८८२ मध्ये आर्थर यांनी तो निकाल रद्द केला, आणि त्याच वेळी परीक्षेत नापास झाल्याच्या कारणावरून व्हिटेकरला अकादमीतून कमी करण्यात आलं. दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवली की कारणं वेगळी दिसतात, शेवट एकच. पुढची उरलेली नोंदही इथेच देतो: एकोणिसाव्या शतकात वेस्ट पॉइंटमधून फ्लिपरनंतर आणखी दोनच कृष्णवर्णीय पदवीधर झाले, १८८७ मध्ये जॉन अलेक्झांडर आणि १८८९ मध्ये चार्ल्स यंग. त्यानंतर थेट १९३६.

अठ्ठावन्न वर्षं

बडतर्फीनंतर फ्लिपर एल पासोला गेला आणि मोजणीदार, खाण अभियंता म्हणून सीमेच्या दोन्ही बाजूंना नाव कमावलं. स्पॅनिश उत्तम येत असल्याने १८९३ ते १९०१ या काळात तो न्याय खात्याचा विशेष प्रतिनिधी होता. मेक्सिकोकडून अमेरिकेकडे आलेल्या मुलखात जुन्या सनदांवरून जमिनींचे प्रचंड दावे लावले जात होते, आणि त्यांची छाननी करण्यासाठी खास न्यायालय बसलं होतं. सनदा वाचणं, भाषांतर करणं, हद्दी पुन्हा मोजणं हे काम फ्लिपरचं. ॲरिझोनातल्या नोगालेस गावच्या जमिनीवरचा दावा फेटाळला गेला त्यात त्याच्या मोजणीचा मोठा वाटा होता. ज्या सरकारने त्याला चार हजार डॉलरच्या आतल्या हिशेबावरून घालवलं, त्याच सरकारने लाखो एकरांची कागदपत्रं आठ वर्षं त्याच्या हाती विश्वासाने दिली. १९२१ मध्ये तो सरकारी जमिनींचा कारभार पाहणाऱ्या इंटिरिअर खात्याच्या मंत्र्यांचा सहायक झाला, नंतर काही वर्षं व्हेनेझुएलात तेल कंपनीसाठी काम केलं.

या सगळ्या काळात तो एक गोष्ट मागत राहिला: हुद्दा परत. १८९८ पासून काँग्रेसमध्ये त्याच्यासाठी विधेयकं मांडली गेली, समितीत अडकून पडली, पुन्हा मांडली गेली. स्पेनशी युद्ध सुरू झालं तेव्हा त्याने सेवा देऊ केली, तीही घेतली गेली नाही. त्या युद्धात क्युबातल्या अमेरिकी फौजेचा सेनापती होता शाफ्टर. १९४० मध्ये अटलांटात भावाच्या घरी फ्लिपर वारला. मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसायाच्या रकान्यात भावाने लिहिलं, ‘निवृत्त लष्करी अधिकारी’.

पुढे त्याचे वारस आणि जॉर्जियातला एक शिक्षक यांनी अर्ज केला. डिसेंबर १९७६ मध्ये लष्कराच्या नोंद-दुरुस्ती मंडळाने शिक्षा अवाजवी कठोर आणि अन्याय्य असल्याचं मान्य केलं आणि बडतर्फीच्या जागी ३० जून १८८२ याच तारखेची सन्मानाने सेवामुक्ती नोंदवली. दोषसिद्धी रद्द करण्याचा अधिकार मात्र मंडळाला नव्हता. ती राहिली. १९ फेब्रुवारी १९९९ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी फ्लिपरला माफी दिली. मृत्यूनंतर राष्ट्राध्यक्षांनी माफी देण्याची अमेरिकेच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ.

माझ्या मते १९७६ चा निर्णय १९९९ च्या माफीपेक्षा या प्रकरणाला जास्त बरोबर ओळखतो. मंडळाने गुन्हा आणि शिक्षा वेगवेगळी तपासली आणि दोष शिक्षेत आहे असं म्हटलं. स्वेम यांनी १८८२ मध्ये नेमकं हेच म्हटलं होतं. माफीचा समारंभ मोठा झाला, वारसांना तो पाहता आला, त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण फ्लिपरने काँग्रेसच्या दारात इतकी वर्षं जे मागितलं ती माफी नव्हती. त्याला १०व्या कॅव्हलरीतली त्याची जागा हवी होती, ज्येष्ठतेनुसार मधल्या वर्षांत मिळाला असता तो हुद्दा हवा होता. ते देण्याचा अधिकार काँग्रेसकडे होता, आणि काँग्रेसने त्यातलं एकही विधेयक मंजूर केलं नाही.